लाल चिठ्ठीखालची मी

मित्रांनो, मी एक जुनी, मेलेली मादी आहे. जात शेणकिड्याची. मादी आहे हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यावरूनच झाला.

जिवंत होते तेव्हा मला नाव नव्हते आणि त्यावाचून माझे काही अडतही नव्हते. टेकडीच्या उतारावर शेणाचे गोळे करायचे, बिळात न्यायचे, त्यांत अंडी घालायची. पिल्लांनी मोठे होईपर्यंत तेच खायचे, अशी आमची रीत. एका सकाळी असाच गोळा नेत असताना एका बाईने मला चिमट्यात उचलले. "अगं बाई, तू कोण गं?" असे कौतुकाने म्हणत तिने मला विषाच्या बाटलीत टाकले. माणसांचे कौतुक कसे असते ते मला तिथेच कळले. माझी अंडी माझ्या पोटातच राहिली.

ती बाई म्हणजे धाकटी. संग्रहालयाच्या कीटक विभागात ती काम करीत असे आणि त्या विभागाची प्रमुख होती तिची थोरली बहीण. तिला सगळेच ताई म्हणत.

माझ्या उजव्या पंखातून टाचणी आरपार गेली आणि मी ताईच्या टेबलावर आले. तिथला नियम असा, की नवी जात सापडली म्हणजे एक किडा मूळ नमुना म्हणून निवडायचा, त्याला लाल चिठ्ठी लावायची आणि जातीला दोन शब्दांचे नाव द्यायचे. पहिला शब्द आडनावासारखा, साऱ्या भावकीचा. दुसरा फक्त तिचा. त्यासाठी एखाद्या माणसाचे नाव घेतात, पण स्वतःचे नाव स्वतः द्यायचे नाही, असा शिष्टाचार. छापलेले नाव पुढे पुसता येत नाही. एकाच जातीला चुकून दोन नावे पडली, तर आधीचे राहते आणि नंतरचे बाद होते.

त्याच सुमारास धाकटीने भर सभेत म्हटले होते, "ताई, मिशीचे सांधे मोजताना तुझा एक सांधा गळलाय." लोक हसले होते. ताईही हसली होती. पण तिने ते मनात ठेवले.

माझे वर्णन तिने घाईघाईने लिहिले. नर की मादी, हेही पाहिले नाही. छापून आले ते असे: 'बुटका, काळा, कसलीही चमक नसलेला, दुसऱ्यांच्या घाणीत डोके खुपसून जगणारा. या जातीला मी माझ्या धाकट्या बहिणीचे नाव देत आहे.'

धाकटी अंक हातात घेऊन धावत आली. "ताई, काढ हे!"

"अगं, मान आहे हा! लोक जन्मभर वाट बघतात."

"सगळे हसताहेत मला."

"छापलेलं नाव निघत नाही, बाई. नियम आहे."

तेव्हापासून विभागात तिला पाठीमागे शेणबाई म्हणू लागले. ताईची मुलगी तर तोंडावरच 'शेणमावशी' म्हणायची आणि ताई तिला दटावायची, पण हसत हसत. धाकटी घरी जाताना माझ्या पेटीची काच फडक्याने पुसायची आणि निघून जायची. मी आपली आत, डांबरगोळ्यांच्या वासात.

पुढे ताईच्या निवृत्तीची वेळ आली. तिच्या शिष्यांना त्याच टेकडीवर एक देखणा शेणकिडा सापडला. हिरवागार, लखलखीत, कपाळावर बाकदार शिंग. त्याला ताईचे नाव द्यायचे ठरले. माझी पेटी असलेल्या ताईच्या कपाटाला हात लावायची धाकटीखेरीज कुणाची छाती नव्हती, म्हणून त्याला माझ्याशेजारी ठेवून कुणी पाहिलेच नाही.

धाकटीने मात्र टेकडीवरच्या माझ्यासारख्या एका मादीला शेणामातीसकट बरणीत ठेवले होते. तिची पिल्ले मोठी होऊन वर आली, तेव्हा ती बरणी नेमकी माझ्या पेटीजवळ होती. मी पाहिले. काही माझ्यासारखी काळी, बिनशिंगी. काही हिरवी, शिंगवाली. एकाच आईची पोरे! मी मादी, तो नर, जात एकच. धाकटीनेही ते पाहिले. मग झाकण लावून तिने ती कपाटामागे ठेवली.

आणि समारंभ होऊ दिला. ताईच्या गळ्यात हार पडला, हिरव्या किड्याचे मोठे चित्र भिंतीवर लागले. धाकटीने सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. नाव छापून आल्यावर मग तिने बरणी ताईपुढे ठेवली.

ताईला एका नजरेत कळले. ती खुर्चीत बसली. "म्हणजे माझं नाव बाद?"

"तुझं नंतरचं ना."

"हे माझ्यामागे छाप. मी गेल्यावर. एवढं ऐक माझं."

"तेव्हा वाचायला तू नसशील, ताई."

"सख्खी बहीण ना गं मी?"

"छापलेलं नाव निघत नाही. नियम आहे."

हिरव्या किड्याची नवी चिठ्ठी लिहायची वेळ आली, तेव्हा धाकटीने दौत पुढे सरकवली. "तूच लिही. अक्षर तुझं चांगलं आहे." ताईने लिहिले. आपले नाव बाद करून खाली बहिणीचे लिहिले आणि त्याला माझ्या पेटीत आणून टोचले. टोचताना तिचा अंगठा लागून माझा मागचा पाय मोडला. तो कुणी उचललाही नाही. अजून पेटीच्या तळाशी पडला आहे.

आता दोघीही नाहीत. परवा शाळेची मुले आली होती. एका मुलीने बाईंना विचारले, "ज्यांचं नाव दिलंय, त्या कोण होत्या?"

बाईंनी पेटीशेजारी लावलेले, ताईने लिहिलेले ते जुने वर्णन वाचून दाखवले. "असेल ती बहीणही तशीच," त्या म्हणाल्या. सगळा वर्ग खदखदून हसला. ताईचे नाव कुणी विचारलेसुद्धा नाही.

मित्रांनो, पेटीतल्या डांबरगोळ्या वेळेवर बदलत जा, नाहीतर कीड आम्हांला आतून पोखरते. आणि रागाच्या भरात कुणाला नाव चिकटवू नका. लावणारा जातो, सोसणारा जातो, टाचणीसुद्धा गंजते. नाव तेवढे उरते. मला विचारा. मी ते अंगावर घेऊन उभी आहे आणि मला तर ते नकोच होते.