तक्रारींचा रकाना

सर्वांचा डेटा समान वेगाने नेण्याचा जुना दंडक इंटरनेट कंपनीने मोडला, तेव्हा त्याला ‘सुव्यवस्था’ असे नाव दिले. अन्यायाला पहिली गरज लागते ती सभ्य नावाची. ज्या सेवा कंपनीला जादा शुल्क देतील त्यांचा मार्ग मोकळा. उरलेल्या सगळ्या व्हिडिओंवर ‘मनोरंजन’ असा शिक्का मारून त्यांचा वेग कापायचा. ही वर्गवारी लिहिली होती एका बुकबाइंडरच्या मुलीने. कंपनीत तिला ‘मॅडम’ म्हणत. चाचणीही तिनेच घेतली. कापलेल्या वेगावर शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. चित्र अडखळले, पण आवाज स्वच्छ आला. तिने ‘उत्तीर्ण’ असा शेरा मारला.

तिचे वडील जन्मतः बहिरे होते.

त्यांचा धाकटा भाऊही. तो शिंपी, दुसऱ्या शहरात राहणारा. दोघे रोज सकाळी एका लहानशा, शुल्क न परवडणाऱ्या सेवेवरून समोरासमोर बसत आणि हातांनी तासभर बोलत. त्या रविवारी ती घरी आली, तर वडिलांनी चार मिनिटांत कॉल आटोपला.

“एवढ्यात झालं?” तिने हातांनी विचारले. “काकांशी भांडलात की काय?”

“भांडायला हात लागतात, पोरी. त्याचे गेले.” वडिलांची बोटे जड झाली होती. “अर्धा शब्द करतो, थिजतो, मग एकदम तिसराच. महिनाभर बघतोय. सुईत दोरा कसा ओवत असेल? त्याला दमवायला नको, म्हणून मीच आवरतं घेतो. तू बोलू नकोस हं. माझ्या लक्षात आलं नाही, असं वाटतंय त्याला.”

तिच्या फोनवर काकांचा आठवडाभरापूर्वीचा संदेश पडून होता. कामाच्या गडबडीत तिने उत्तर दिले नव्हते. “दादाला डॉक्टरकडे ने. बोटं थिजतात त्याची. मी सांगितलं म्हणू नकोस.”

नियम लागू होऊन एकतीस दिवस झाले होते. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ या म्हणीचा वाक्यात उपयोग तिने शाळेत करून दाखवला होता. आता वाक्य ती स्वतःच होती.

“बाबा, हात दोघांचेही धडधाकट आहेत,” तिने सांगितले. “हे मी केलंय.”



सोमवारी नियामक आयोगाकडे जाणारे निवेदन सहीसाठी तिच्या टेबलावर आले. ‘नव्या व्यवस्थेविषयी तक्रारी : शून्य.’ ती ते घेऊन साहेबांकडे गेली.

“अहो मॅडम, आवाज जातोय ना? मग बोलणं अडलं कुठे?”

“हातांनी बोलणाऱ्यांचं अडलंय. माझ्या वडिलांचं, काकांचं.”

“मग आधी सांगायचं! त्या दोघांची कनेक्शन्स मोकळ्या मार्गावर टाकू. घरचाच मामला. तुम्ही सही करा.”

दोन ओळींचे काम होते. उद्या सकाळी काकांची बोटे पुन्हा सुईसारखी चालली असती. तिने पेन उघडले.

“आणि बाकीचे, साहेब?”

“बाकीच्यांपैकी एकाचा तरी फोन आलाय का?”

कंपनी तक्रारी फक्त फोनवर घेत असे. आपण काय बोललो हे साहेबांना कळले नाही. ते चहा पीत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार देणे जगाला नवीन नाही; पण इथे ओरडा ऐकू न आल्याची नोंद करून त्या नोंदीवर मार खाणाऱ्याच्या लेकीची सही हवी होती.

तिने ‘शून्य’ खोडून ‘दोन’ लिहिले. खाली तक्रारदार : एक बुकबाइंडर, एक शिंपी. स्वरूप : समोरच्याचे हात दिसत नाहीत. कारण : मी लिहिलेला नियम. सही केली आणि प्रत स्वतः आयोगाकडे धाडली.

दुपारपर्यंत तिचे ओळखपत्र दारावर चालेनासे झाले. या कामी मात्र कंपनीने वेग कापला नव्हता.

आयोग अजून विचार करतो आहे. नियम जागच्या जागी आहे. दोघे भाऊ आता एकेक खूण करतात आणि पलीकडून मान हलेपर्यंत हात हवेत तसेच धरून ठेवतात. काल काकांना एक विनोद सांगायला अकरा मिनिटे लागली. वडील शेवटपर्यंत थांबले, आणि मग हसले.