मुदतीचं पान

मी एक पाठ्यपुस्तक. वकिलाच्या कचेरीत हाताखाली काम करणाऱ्या माणसांसाठी लिहिलेलं. अर्ज कसा मांडायचा, कागद कुठल्या क्रमाने लावायचे, निकालाची नक्कल कशी मागायची, कुठल्या कामाला किती दिवसांची मुदत असते, असला सगळा कोरडा माल माझ्या चारशे चाळीस पानांत भरला आहे. मला कुणी उशाशी घेऊन वाचत नाही. मला लिहिणाऱ्या बाईंनी प्रस्तावनेत एक विनोद केला होता, तोही छापखान्यात गळला.

पण माझ्या आयुष्यात जे घडलं ते हसण्यासारखं नाही, म्हणून म्हटलं, एकदा सांगून टाकावं.

मला पहिल्यांदा घरी नेलं ते एका टायपिस्टबाईंनी. चौतिशीच्या, बोलायला कमी, हाताने चपळ. एका वकिलाच्या कचेरीत त्या सहा वर्षं टायपिंग करत होत्या. 'वादी', 'प्रतिवादी', 'हुकूमनामा' हे शब्द त्यांच्या बोटांना पाठ होते, पण त्यांचा अर्थ कुणी त्यांना सांगितला नव्हता आणि त्यांनी विचारला नव्हता. मग त्यांनी वकिलांच्या सहाय्यकांसाठी असलेल्या दोन वर्षांच्या वर्गात नाव घातलं. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी साडेपाचला.

वर्गात शिकवायला मला लिहिणाऱ्या बाईच होत्या. कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "पाठांतर कवितेचं करा. मुदत कधीही पाठ करायची नाही. दर वेळी पुस्तक उघडून बघायची. काल बघितली असली तरी आज बघायची."

टायपिस्टबाईंनी ते माझ्या आतल्या पानावर पेन्सिलने लिहून घेतलं. मला खाकी कागदाचं कव्हर घातलं. रोज दुपारी डबा खाताना त्या मला समोर ठेवत आणि मध्येच एखाद्या ओळीवर थांबून पुटपुटत, "अच्छा! म्हणजे ते हे होय." सहा वर्षं आपण काय टाइप करत होतो ते त्यांना आत्ता कळत होतं. तो चेहरा मी विसरलेलो नाही. माझ्या नशिबात तेवढंच सुख होतं.

कचेरी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत वकीलसाहेब. बाहेरच्या खोलीत टायपिस्टबाई आणि मोठे कारकून, ज्यांना सगळे काका म्हणत. काकांना तिथे एकतीस वर्षं झाली होती. कुठल्याही वर्गाचं तोंड न बघता, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून, शिव्या खाऊन, बघून बघून ते शिकले होते. वीस वर्षांपूर्वीच्या खटल्याचा नंबर ते झोपेतून उठवलं तरी सांगत. कुठल्या खिडकीवरचा माणूस किती वाजता चहाला जातो हेही त्यांना ठाऊक होतं. पक्षकार आधी काकांकडे बघत, मग वकीलसाहेबांकडे. खरं सांगायचं तर वकीलसाहेबही आधी काकांकडेच बघत.

मला पाहून काका हसले होते. "काय गं पोरी, पुस्तक वाचून पोहायला शिकणार का? इथे बस माझ्या शेजारी. वर्षभरात तयार करतो तुला."

ते वाईट मनाने बोलले नव्हते. खरंच त्यांनी टायपिस्टबाईंना पुष्कळ शिकवलं. पण शिकवलं ते जसं त्यांना येत होतं तसं.

पहिलं वर्ष कसंबसं पार पडलं. दुसऱ्या वर्षी टायपिस्टबाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यातच कचेरीत काम वाढलं. साडेपाचचा वर्ग गाठायचा तर पाचला निघायला हवं. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, इथे रोज शिकताच आहात की. त्या वर्गात वेगळं काय सोन्याचं अंडं देतात?" दोनचार वेळा त्या धावतपळत गेल्या, उशिरा पोचल्या, मागच्या बाकावर डुलक्या घेत बसल्या. मग जाणंच बंद झालं. तेव्हा त्या माझ्या नवव्या प्रकरणापर्यंत आल्या होत्या. मुदतींचं प्रकरण बारावं आहे.

काही दिवस मी त्यांच्या टेबलावर पडून होतो. एकदा काकांची मान दुखायला लागली. संगणकाचा पडदा फार खाली आहे, असं चष्म्याच्या दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं. काकांनी इकडेतिकडे बघितलं. मी जाडजूड, चौकोनी आणि रिकामा. त्यांनी मला पडद्याखाली सरकवलं.

"अहो काका, माझं पुस्तक!" टायपिस्टबाई म्हणाल्या.

"लागलं की काढून घे. जातंय कुठे?"

लागलं नाही. दोन वर्षं मी तिथेच होतो.

त्या दोन वर्षांच्या शेवटी लाँड्रीवाल्या मावशी आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, हाताच्या पाठीवर इस्त्रीच्या डागांच्या जुन्या खुणा. सव्वीस वर्षं त्या एका भाड्याच्या गाळ्यात कपडे धुऊन, इस्त्री करून देत होत्या. नवरा गेला त्याच गाळ्यावर, मुलगी शिकली त्याच गाळ्यावर. आता मालकाने दावा लावून गाळा रिकामा करण्याचा आदेश मिळवला होता. आधीचा वकील अर्ध्या तारखांना गैरहजर राहिला होता. वकीलसाहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, "अपिलात यात दम आहे. सगळे पुरावे नीट मांडलेलेच नाहीत खाली. काका, अपील तयार करा."

काकांनी आदेशाची नक्कल मागवली. ती तीन दिवसांत आली. मग ते मावशींना म्हणाले, "साठ दिवस आहेत हातात. निवांत करू. काळजी करू नका."

माझ्या दोनशे बाराव्या पानावर लिहिलं होतं, जाड अक्षरांत, चौकट आखून: गाळा रिकामा करण्याच्या आदेशावरचं अपील, तीस दिवस. खाली बारीक टीप: पूर्वी साठ दिवस होते, कायदा बदलला.

कायदा बदलून पाच वर्षं झाली होती. त्या पाच वर्षांत असलं अपील कचेरीत आलंच नव्हतं. काका खोटं बोलत नव्हते. त्यांना जे माहीत होतं ते एके काळी खरंच होतं.

मला तोंड नाही. पडद्याखाली दबलेलं पुस्तक काय करणार? काका माझ्याच डोक्यावर साठ दिवसांची तारीख टाइप करत होते आणि मी खाली गप्प.

मावशी दर आठवड्याला यायच्या. कधी भाड्याच्या पावत्या, कधी जुना करार, कधी नुसत्याच. "काका, वेळेत होईल ना?" "अहो मावशी, माझ्यावर सोडा. झोपा शांत." जाताना त्या काकांचा शर्ट बघायच्या आणि म्हणायच्या, "कॉलर कुणी केली ही? आमच्याकडे टाका." आणि हसायच्या.

आदेशापासून विसाव्या दिवशी टायपिस्टबाई अपिलाचा मसुदा टाइप करत होत्या. मध्येच त्यांची बोटं थांबली. "काका, मुदत एकदा बघून घ्यायची का? बाई सांगायच्या, दर वेळी बघावी म्हणून."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. समोर दोन पक्षकार बसले होते. "एकतीस वर्षं काय मी गवत उपटलं का इथे? टाइप कर तू."

पक्षकार हसले. टायपिस्टबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी एकदा पडद्याखाली, माझ्याकडे, बघितलं. हात पुढे केला असता तर पुरे होतं. अजून दहा दिवस शिल्लक होते, वर नक्कल मिळायला लागलेले तीन, ते मुदतीत धरत नाहीत. पण मला काढायचं म्हणजे पक्षकारांसमोर काकांचा पडदा उचलायचा. त्यांनी मान खाली घातली आणि टाइप करायला लागल्या.

अपील चव्वेचाळिसाव्या दिवशी दाखल करायला नेलं. काका स्वतः गेले होते. तासाभरात परत आले, ते खुर्चीवर बसलेच नाहीत. भिंतीला हात लावून उभे राहिले.

"घेतलं नाही," ते म्हणाले. "तीस दिवस म्हणते ती खिडकीवरची. म्हटलं, बाई, तुम्ही नवीन आहात का? तर तिने कायदाच काढून दाखवला."

वकीलसाहेब बाहेर आले. मग त्या खोलीत जे बोलणं झालं ते मी सांगत नाही. एवढंच सांगतो की मसुद्यावर सही करताना वकीलसाहेबांनीही मुदत बघितली नव्हती, आणि हे त्या बोलण्यात एकदाही आलं नाही.

उशीर माफ करावा असा अर्ज दिला. न्यायाधीशांनी तो फेटाळला. कचेरीचं अज्ञान हे उशिराचं कारण होऊ शकत नाही, असं आदेशात होतं. तो आदेश टायपिस्टबाईंनी दोनदा वाचला. मग त्यांनी काकांच्या टेबलाजवळ जाऊन दोन्ही हातांनी पडदा उचलला आणि मला बाहेर काढलं. माझं कव्हर पडद्याच्या पायाला चिकटलं होतं, ते फाटलं. त्यांनी बारावं प्रकरण उघडलं आणि दोनशे बारावं पान काकांसमोर धरलं. 

काकांनी ती चौकट वाचली. पुन्हा वाचली. बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचली.

"इथेच होतं," ते म्हणाले.

"हो."

"तू बघ म्हणालीस."

"एकदाच म्हणाले, काका. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं."

महिनाअखेरीला वकीलसाहेबांनी काकांना घरी बसायला सांगितलं. जाताना त्यांनी टायपिस्टबाईंकडे मला मागून घेतलं. घरी जायच्या आधी ते मला पिशवीत घालून लाँड्रीवर गेले. गाळा रिकामा करणं चालू होतं. मावशी तारेवरचे हँगर काढत होत्या. त्यांना वकीलसाहेबांनी सांगितलं होतं, कोर्टाने ऐकलं नाही म्हणून.

काका म्हणाले, "कोर्टाची चूक नाही, मावशी. मुदत माझी चुकली. मला ठाऊक नव्हती आणि मी बघितली नाही."

मावशींनी हातातले हँगर खाली ठेवले. ओरडतील असं मला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत.

"तुम्ही दर वेळी म्हणालात, काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "म्हणून मी केली नाही."

त्यांनी हँगर पुन्हा हातात घेतले. मग मावशी म्हणाल्या, "जा आता. मला आवरायचंय."

आता मावशी मुलीच्या गावी दुसऱ्या कुणाच्या लाँड्रीत पगारावर इस्त्री करतात, असं ऐकलं. डोळे अधू झाल्याने त्यांना फक्त चादरी देतात.

काकांनी घरी आल्यावर मला खिडकीपाशी ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. हातात पेन्सिल. वय त्रेसष्ट. काकू चहा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता कुणाच्या परीक्षेला बसायचंय?" काका पेन्सिलने ओळीखाली रेघ ओढत. एका पानाला कधी कधी दोन दिवस लागायचे. मध्येच ते थांबत, आणि मला कळायचं की एखादा जुना खटला आठवलाय. तेव्हा आपण काय केलं होतं, ते बरोबर होतं का, याचा हिशेब चाललाय. एकदा वाचता वाचता ते म्हणाले, "अरे देवा, हेही," आणि मला मिटून आठवडाभर उघडलंच नाही.

वर्ष-दीड वर्षाने टायपिस्टबाई भेटायला आल्या. त्यांनी राहिलेलं वर्ष पुरं केलं होतं. पाचला निघणार, नाहीतर नोकरी सोडणार, असं त्यांनी वकीलसाहेबांना सांगितलं म्हणे. आता त्या काकांच्या खुर्चीवर बसतात. प्रत्येक मुदत उघडून बघतात, म्हणून वकीलसाहेब त्यांना संथ म्हणतात. आणि अजूनही टायपिस्टबाईच म्हणतात.

काकांना आनंद झाला. शाळेतल्या मुलासारखे ते ताठ बसले. "विचार मला काहीही. बारावं प्रकरण विचार. गाळ्याचं अपील? तीस दिवस, आदेशाच्या तारखेपासून."

टायपिस्टबाईंनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी पाहिला. हो म्हणणं किती सोपं होतं! समोर म्हातारा माणूस, नोकरी गेलेली, कुणाचंही अपील आता त्याच्या हातून जाणार नव्हतं. काकूंनी आतून खुणेने सांगितलंही, राहू दे.

"काका," त्या म्हणाल्या, "गेल्या मार्चपासून आदेशाच्या तारखेपासून नाही मोजत. नक्कल हातात पडल्यापासून मोजतात. नवी आवृत्ती आलीये."

 काकांनी माझ्यावर हात ठेवला.  मग त्यांनी पेन्सिल उचलली.

"तारीख सांग," ते म्हणाले. "मार्चची कुठली?"

त्यांनी सांगितली. काकांनी चौकटीवर काट मारली आणि शेजारी बारीक अक्षरात नवी ओळ लिहिली. लिहिताना दोनदा खोडलं.

ती त्यांनी माझ्यात केलेली पहिली आणि शेवटची दुरुस्ती. त्यानंतर त्यांना बारीक अक्षर दिसेनासं झालं. ऑपरेशन झालं, पण उपयोग झाला नाही. काकू त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात. मला वाचून दाखवा असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मी खिडकीत पडून आहे. उन्हाने माझी पाठ पिवळी पडली आहे, शिवण उसवली आहे, आणि काकू आता मला रद्दीत द्यायचं म्हणतात.

द्यायला हरकत नाही. पण रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून कुणीतरी मला उचलेल, स्वस्तात मिळालं म्हणून खूश होईल, आणि माझ्यावर विश्वास ठेवेल, याची मला धास्ती वाटते. माझ्या एका चौकटीवर काट आहे. बाकीच्या तशाच आहेत, स्वच्छ आणि ठाम, आणि त्यांतल्या किती खोट्या झाल्या ते मलाच माहीत नाही. तेव्हा मी तुमच्या हाती लागलो तर माझं एवढं ऐका. आधी शेवटच्या पानावरचं माझं छपाईचं साल बघा, आणि मग मला खाली ठेवा.