दाण्याचं दूध

"थांबा बाई, ओतू नका! आधी मले पाहू द्या," म्हणत इंद्रभाननं महामायाबाईंच्या हातातला कॅन जवळजवळ ओढूनच घेतला.

विहाराच्या मागे लिंबाच्या सावलीत चूल पेटली होती. तांदूळ धुऊन ठेवले होते, पातेलं चढलं होतं, चार बायका पदर खोचून उभ्या होत्या आणि बुद्धपौर्णिमेची खीर एका म्हाताऱ्यापायी अडून बसली होती. म्हाताऱ्याला कसलीही घाई नव्हती. त्यानं झाकण उघडलं, कॅनच्या तोंडाशी नाक नेलं, डोळे मिटले. मग पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातून पत्र्याची नळी काढली, नळीतून दुधातलं पाणी पकडणारा काचेचा लॅक्टोमीटर काढला आणि तो अगदी अलगद दुधात सोडला.

"अठ्ठावीस. चोख हाय. घ्या."

"मले ठाऊकच होतं. घरच्या गाईचं दूध हाय, भाऊ."

"पाणी बी घरचंच असते ना बाई," इंद्रभान म्हणाला आणि लॅक्टोमीटर खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसून नळीत सरकवला. बायका हसल्या. दरवर्षी तो हेच बोलायचा आणि त्या दरवर्षी हसायच्या.

वरवट बकालपासून दोन कोसांवरच्या त्या गावात इंद्रभानला त्याच्या नावानं कोणी ओळखत नव्हतं. तो 'डेअरीवाला'. एकतीस वर्षं त्यानं गावच्या दूध संकलन केंद्रात काढली होती. पहाटे कॅन उघडायचे, वास घ्यायचा, मीटर सोडायचा. दूध पातळ निघालं की तो ते परत करी, आणि करताना एक ठरलेलं वाक्य बोले, "हे दूध घेता येत नाही." एरवी अस्सल वऱ्हाडी बोलणारा हा माणूस तेवढं एक वाक्य पुस्तकातलं बोलायचा, कारण पहिल्या साहेबांनी त्याला तसं शिकवलं होतं. सख्ख्या मोठ्या भावाचं दूध त्यानं एकदा याच वाक्यावर परत पाठवलं, तर भाऊ दोन वर्षं त्याच्या दारात आला नाही. बायको सिंधू तेव्हा म्हणाली होती, "तुमाले माणूस दिसतच नाही, दूधच दिसते." पुढे केंद्र बंद पडलं, सिंधूही गेली. निरोपाच्या दिवशी मिळालेली शाल कसरीनं खाल्ली. लॅक्टोमीटर तेवढा राहिला.

आणि अशा माणसाच्या घरात अशी नात जन्माला आली, की जिला दूध चालत नाही.

चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. प्राचीच्या पोटात दुधाचा थेंब गेला की अंगावर गांधी उठत, ओठ सुजत. खामगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, दूध, दही, तूप, पेढा, काही नाही, एक थेंबही नाही. सुनेनं, सुवर्णानं, त्याच दिवशी घरात दूध आणणं बंद केलं. नवरा देवानंद एसटीत वाहक, चार दिवस घरी तर चार दिवस बाहेर. त्यालाही तिनं कोऱ्या चहाची सवय लावली. इंद्रभान कोरा चहा प्यायचा, मान हलवायचा, पण त्याचं मन काही हे मानायला तयार नव्हतं. सारा जन्म ज्या वस्तूत गेला, ती वस्तू कोणाचं वाईट करील हे त्याला पटणार कसं?

त्यामुळेच ते घडलं. मागच्या बुद्धपौर्णिमेला याच लिंबाखाली पोरांची पंगत बसली होती. प्रत्येकाच्या हातात खिरीचा द्रोण आणि चार वर्षांच्या प्राचीच्या द्रोणात मुरमुरे. ती काही रडत नव्हती. शेजारच्या पोराच्या द्रोणाकडे नुसती पाहत होती. इंद्रभानला ते पाहवलं नाही. त्यानं तिला भिंतीआड नेलं आणि दोन चमचे खीर भरवली. 'चोख दूध हाय, म्या सोता पाह्यलं,' असं तो मनात म्हणाला. पंधरा मिनिटांत पोरीचे डोळे सुजून मिटले आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

इंद्रभानच्या जुन्या दोस्तानं, फकीर मोहम्मदनं, त्याच्या फळांच्या टेम्पोतून सगळ्यांना खामगावला नेलं. पुढे सुवर्णा मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. मागे केळ्यांच्या क्रेटमध्ये इंद्रभान. पोरगी वाचली. तीन दिवसांनी घरी आली.

सुवर्णा त्याला एका शब्दानंही बोलली नाही. ती भांडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. पण त्या दिवसापासून त्यानं प्राचीसाठी काहीही हातात घेतलं, बिस्कीट असो, केळं असो, साधा पाण्याचा पेला असो, की ती आतून यायची, त्याच्या हातातून ते घ्यायची, पाहायची आणि मग स्वतः पोरीला द्यायची. राग नाही, आदळआपट नाही. एक वर्ष झालं, नातीनं आज्याच्या हातचं काही खाल्लं नव्हतं. तिनं एकदा आपल्या हातून काहीतरी खावं, प्यावं, आणि मधे सुवर्णाचा हात येऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

मार्ग दाखवला फकीर मोहम्मदनं. तो पूर्वी केंद्राची दुधाची गाडी चालवायचा, आता वरवटच्या स्टँडवर फळं विकतो. तो म्हणाला, "भाऊ, पोरगी दाण्याचे लाडू खाते ना? मंग दाण्याचंच दूध काढा. मोबाईलवर पाह्यलं म्या. लोक बदामाचं काढतात, आपण दाण्याचं काढू. आपल्याले कोनाले दाखवाचं हाय?"

"दाण्याचं दूध?" इंद्रभानला हसू आलं. "एकतीस वर्ष भेसळ पकडली बे म्या. अन् आता सोताच करू?"

पण केली. डॉक्टरांना विचारून केली. दाणे तिला चालतात असं ते म्हणाले. पहिल्या खेपेला कच्च्या दाण्यांचा उग्र वास आला. दुसऱ्या खेपेला दाणे भिजवून, उकळी देऊन, सोलून वाटले. दूध छान निघालं, पण त्यात त्यानं संत्र्याचा रस ओतला आणि डोळ्यांदेखत सगळं फाटलं. दूध कशानं फाटतं हे जिल्ह्याला सांगणारा माणूस तो, स्वतःवरच चिडला. केळं घातलं तर तासाभरात काळं पडलं. हे सगळे प्रयोग त्यानं स्वतःच पिऊन संपवले. वाया घालवणं त्याला जमत नव्हतं. सुवर्णा स्वयंपाकघरातून नुसती पाहायची. एकदा मात्र तो दाणे सोलत बसला असताना तिनं त्याच्याजवळ सूप आणून ठेवलं.

या कामासाठी त्यानं एक स्टीलचं नवं पातेलं आणलं होतं. दुसऱ्या कशात मिसळू नये म्हणून कड्याला लाल दोरा बांधून ठेवला होता. वाटण गाळायला नवं कोरं फडकं. एवढी काळजी त्यानं नोकरीतही घेतली नव्हती.

विहारातून तो घरी आला तेव्हा फकीर मोहम्मद ओट्यावर बसून आंबे पिळत होता. दाण्याचं दूध सकाळीच उकळून गार करून ठेवलं होतं. पिवळा रस त्यात पडला, गूळ विरघळला, वेलदोडा गेला. इंद्रभान ढवळत राहिला. फाटलं नाही. वासही गेला. जाडसर, केशरी, पाहूनच जिभेला पाणी सुटावं असं काहीतरी तयार झालं. प्राची उकिडवी बसून एकटक पाहत होती.

"आबा, हे माह्यं?"

"तुह्यंच माय. समदं तुह्यं."

"अरे वा भाऊ! रंग तं जबरदस्त आला," फकीर मोहम्मद म्हणाला. "पन पास होते का नापास, ते पाहा ना. गावाचं दूध पाहाले मीटर लावता, अन् घरच्याले नाई?"

इंद्रभाननं हसत हसत खिशातली नळी काढली आणि लॅक्टोमीटर पातेल्यात सोडला. तो वेडावाकडा कलला आणि एका बाजूला टेकून राहिला. फकीर मोहम्मद मांडीवर थाप मारून हसला. प्राचीही हसली, कशाला हसायचं हे न कळता. इंद्रभाननं मीटर बाहेर काढला, दुपट्ट्याला पुसला, परत नळीत ठेवला.

हसणं ऐकून सुवर्णा बाहेर आली. तिनं चमच्यानं थोडं दूध तळहातावर घेतलं, वास घेतला, चाखलं. दोघे म्हातारे परीक्षेला बसलेल्या पोरांसारखे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"चांगलं झालं," ती म्हणाली. थोडा वेळ पातेल्याच्या लाल दोऱ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मामाजी, आज तुमीच पाजा तिले. तिथंच, पंगतीत. तुमच्या हातानं."

इंद्रभाननं नुसती मान हलवली. फकीर मोहम्मद उगाच आंब्याच्या कोयी मोजायला लागला.

चार वाजता निघायचं होतं. इंद्रभाननं तोंड धुतलं, पौर्णिमेसाठी ठेवलेला दुसरा पांढरा सदरा काढला. जुन्या सदऱ्यातली नळी नव्या खिशात टाकण्यासाठी त्यानं उचलली आणि सवयीनं टोपण उघडलं. आत आंब्याचा वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक. मे महिन्याच्या उन्हात कोंडून आंबलेल्या दुधाचा. हा वास दुसऱ्या कोणाला आला नसता. इंद्रभानच्या नाकाला तो चुकणं शक्य नव्हतं.

तो खाटेवर बसला. सकाळी गाईच्या दुधात बुडवलेला मीटर. नुसता दुपट्ट्याला पुसलेला. तोच दाण्याच्या दुधात.

किती असेल? अर्धा थेंब. कदाचित तेवढाही नाही. पाहिलं कोणी? फकीर मोहम्मदच्या तर ध्यानातही आलं नव्हतं. बाहेर प्राची नव्या फ्रॉकमध्ये गिरक्या घेत होती, सुवर्णा पेला घासत होती. एक वर्ष तो ज्या शब्दांची वाट पाहत होता, ते शब्द ती बोलून चुकली होती. आता बाहेर जाऊन हे सांगितलं, तर ते शब्द पुन्हा कधी कानावर येतील? त्याला मागच्या वर्षीचा तो शिट्टीसारखा श्वास ऐकू आला. तो उठला.

त्यानं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, अंगणातल्या पेरूच्या बुंध्याशी नेलं आणि ओतून दिलं.

"आबा!" प्राची किंचाळली. "माह्यं दूध!" तिनं भोकाड पसरलं. सुवर्णा धावत आली. फकीर मोहम्मद उभा राहिला, "भाऊ, काऊन सांडलं? काय झालं?"

"हे दूध घेता येत नाही," इंद्रभान म्हणाला. सवयीनं तोंडातून तेच आलं. मग त्याचा आवाज फाटला. "सकाळी इहारात गाईच्या दुधात मीटर सोडला होता. धुतला नाई. तोच यात बुडवला म्या. माह्याच हातानं. चुकलो, सुवर्णा. पुन्हा चुकलो."

सुवर्णानं पेरूच्या मुळाशी मातीत मुरत चाललेल्या केशरी ओघळाकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. आणि आत निघून गेली.

संपलं, असं इंद्रभानला वाटलं. तो रिकामं पातेलं घेऊन ओट्यावर बसला. फकीर मोहम्मद प्राचीला कडेवर घेऊन समजावत होता. आत डबे वाजले. थोड्या वेळानं सुवर्णा दारात आली, तिच्या हातात वाफाळतं भगुणं होतं.

"भिजवाले टाइम नाई आता. उकयत्या पाण्यात टाकले दाणे, घडीभरात नरम येतीन. सोलू लागा मामाजी. पयले हात धुवा, साबनानं. अन् तो दुपट्टा तिकडं फेका. पातेलं मी खदखदत्या पाण्यानं धुतो." मग फकीर मोहम्मदकडे वळून म्हणाली, "भाऊ, आंबे हायेत का आनखी?"

"गाडीभर हायेत, बेटा," फकीर मोहम्मद म्हणाला.

पंगत बसली तेव्हा पाच वाजून गेले होते. वंदना झाली, खीर वाढली गेली. पोरांच्या रांगेत प्राची पांढऱ्या फ्रॉकमध्ये बसली होती. इंद्रभान तिच्यासमोर खाली बसला. त्यानं पेला दोन्ही हातांनी तिच्या ओठांशी धरला. सुवर्णा दोन पावलांवर उभी होती. तिचा हात मधे आला नाही.

प्राचीनं एका दमात पेला रिकामा केला. वरच्या ओठावर पिवळी मिशी उमटली.

"डेअरीवाले भाऊ, याले मीटर लावला का नाई?" महामायाबाईंनी लांबून विचारलं.

"नाई बाई," इंद्रभान म्हणाला. "मीटर घरी ठेवला."

विहाराच्या भिंतीवर घड्याळ होतं. सासरा आणि सून, दोघंही त्याच्याकडे पाहत राहिले. पाच मिनिटं गेली. दहा. पोरं उठून लिंबाभोवती पळायला लागली, त्यांच्यात प्राचीही. पंधरा. वीस मिनिटं झाली तेव्हा ती धापा टाकत, घामानं निथळत सुवर्णाकडे आली. सुवर्णानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोळे पाहिले, ओठ पाहिले, छातीला कान लावला.

"मम्मी, अजून पाह्यजे."

सुवर्णानं लाल दोऱ्याच्या पातेल्यातलं दूध पेल्यात ओतलं. पोरीनं हात पुढे केला. पण सुवर्णानं पेला तिला दिला नाही. ती वाकली आणि तो इंद्रभानच्या हातात ठेवला.