वेळेवर विझलेला कंदील

मी एक जुना कंदील आहे, मित्रांनो. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात. पण दुसरं कोणी करेना, म्हणून मीच करतो. माझा धनी देवसिंग, त्याच्या वडिलांनी मला दारव्ह्याच्या बाजारातून तांड्यावर आणलं, तेव्हा माझ्या काचेत बाया चेहरा पाहून घेत. पुढं वीज आली, रेशनचं राकेल बंद झालं आणि मी खुंटीला लागलो. वर्षातून एकदाच माझी आठवण व्हायची, विहिरीचा गाळ काढायच्या दिवशी. माणूस उतरण्याआधी मला पेटवून दोरीनं खाली सोडत. जळत राहिलो तर माणूस उतरे, विझलो तर काम बंद. म्हातारा रीत सांगून गेला, कारण सांगायचं राहिलं.

यंदा मे महिन्यात देवसिंगनं मला विहिरीत सोडलं. वीस हातांवर माझी ज्योत आखडली आणि विझली. वर ओढून त्यानं मला नाकाशी धरलं.

"राकेल कुठून आणलं बे?" त्यानं धाकट्या भावाला, अमरसिंगला विचारलं.

"दुकानातून. पाणी घातलं असन त्यानं. भाऊ, उजेडच पाह्यजे ना? मंग हे घ्या."

त्यानं डोक्याला बांधायची बॅटरी दिली. बॅटरीला हवा लागत नाही, मित्रांनो. ती कुठंही झगमगते. देवसिंग उतरू लागला. कमरेचा दोर तेवढा त्याच्या बायकोनं, रुक्माबाईनं, हट्टानं बांधला होता.

मग तिनं मला काठावर ठेवून पुन्हा पेटवलं. मी झकास जळलो.

"हा इथं तर जळून राह्यला," ती म्हणाली. "राकेलात पाणी असतं तर इथंबी विझला असता. आवं, वर या."

"येतो," खालून आवाज आला. मग हसू आलं. "लय बरं वाटून राह्यलं इथं. जरा झोपतो."

रुक्माबाई वाकली. "आपल्या नातवाचं नाव सांगा."

"सोनू."

"सोनू आपला बैल व्हय."

"मंग बैलच नातू."

अमरसिंग हसला. "भाऊ मस्करी करून राह्यला, वहिनी."

"यायनं उभ्या जन्मात मस्करी केली नाही," रुक्माबाई म्हणाली. "ओढ."

दोर जड झाला. खालून ना हुंकार, ना दोराला हात. अमरसिंगनं चपला काढल्या. "मी उतरतो."

"तू उतरला तर दोघं ओढा लागतीन. दोर धर."

अर्धा तांडा दोराला लागला. देवसिंग वर आला तेव्हा ओठ निळे होते. श्वास कधी धावत होता, कधी थांबून पुढचा यायचा विसरत होता. मोकळ्या हवेत तो हळूहळू ताळ्यावर आला आणि दवाखान्यात प्राणवायू लावल्यावर लगेच वाद घालू लागला.

"मले काहीच झालं नव्हतं. नाव बरोबर सांगतलं मी."

"तेच तर, काका," पायल सिस्टर म्हणाली. "प्राणवायू कमी पडला का मेंदूची समज आधी जाते. गुंगी येते, उलट बरं वाटते. ज्याची समज गेली त्यालेच पत्ता नसते. श्वास चालवणारं ठाणंही मेंदूतच. ते आधी श्वास पळवते, मंग स्वतःच थकते. खाली प्राणवायू नाही, हे कंदील विझला तेव्हाच तुमाले सांगून राह्यला होता."

रुक्माबाईनं मला दवाखान्यातही सोबत आणलं होतं; मागोमाग आलेला सगळा तांडा माझ्याकडं पाहू लागला. मी मात्र नुसता काजळलेला उभा. खरं सांगायचं, त्या वेळी मला फुगायला काच अपुरी पडली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे कबूल करतो. मी जळत राहिलो म्हणजे विहीर निर्धोक, असं नाही. काही वायूंत मी जळतो आणि माणूस मरतो. काही वायू तर माझ्यामुळंच पेट घेतात. हवा मोजायचं यंत्र माझ्यापेक्षा शहाणं आहे, तेच आणा. दोर बांधल्याशिवाय उतरू नका, आणि आत पडलेल्याच्या मागं उडी टाकू नका.

माझी काच पुसली नाही तरी चालेल. पण एखादा जुना सोबती अचानक गप्प झाला, तर त्याला मोडीत काढण्याआधी तो का गप्प झाला, एवढं विचारा. जन्मभर मी उजेड दिला, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. एकदा वेळेवर विझलो, त्याचा अभिमान आहे.