खुब्याचा कौल

साहेब, धोंडूच्या ऋतिकाचा पाय तुम्ही आखूड केलात. देवीने नाही, गुरवाने नाही. तुम्ही.

गणपतीत पोर लंगडायला लागली. वय सात. रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेची फिल्म खिडकीला धरून बोट ठेवलं. "खुब्याच्या गोळ्याला जाणारं रक्त तुटलंय. हाड मऊ पडलंय, ते पुन्हा भरेल. पण ही बाहेरची कड म्हणजे घराचा खांब समजा. आज उभी आहे. टिकली तर पोर धावेल, बसली तर गोळा चेपेल. दर दोन महिन्यांनी फिल्म काढून आणा. कड खचायला लागली की फिल्ममध्येच कळतं, तेव्हाच काही करता येतं."

फिल्म तालुक्याला निघणार होती. तिथलं मशीन तुम्हीच आणलंत, नारळ फोडलात, हार घालून घेतलात. चालवणारा माणूस तेवढा दिला नाहीत. धोंडू पोरीला खांद्यावर घेऊन कातळाचा सडा तुडवत जायचा. मशीनवर चादर. "पुढच्या सोमवारी या."

"आसं किती सोमवार धरू गो?" धोंडू बायकोला म्हणाला. "उपास केलं आसतं तर शंकर तरी पावला आसता."

दिवाळीनंतर दुखणं थांबलं. तिथेच घात झाला. "दुखत नाय म्हंजे बरा झाला," त्याची बायको वैष्णवी म्हणाली. धोंडूला ते पटेना. रत्नागिरी गाठावी की थांबावं? त्याने देवीला कौल लावला. सदू गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. "आये, कड हुबी आसंल तर उजवी दे."

उजवी पडली. वैष्णवी पदरात तोंड घालून रडली. रत्नागिरीला जाणं राहिलं.

शिमग्यात अंगणात पालखी नाचत होती, आणि पोर उभ्या उभ्या कलली. रत्नागिरीला नवी फिल्म जुनीच्या शेजारी लागली. गोळा पायाखाली आलेल्या शेणासारखा. कड नाहीच. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "मधली फिल्म कुठे आहे?"

धोंडू तडक सदूच्या दारात. "तुजी देवी खोटा बोल्ली, सदूदादा."

सदू सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "देवीला बोल लावू नको. डावी पाकळी मी जास्त भिजवलेली, चिकटून ऱ्हावी म्हणून. वैनीचा तोंड बघवत नव्हता रे. वाटला, दुखत नाय, तर बराच आसंल."

धोंडू हसला. तसं हसणं पुन्हा ऐकायला नको. "तू निदान पाकळी तरी लावलीस."

गाव आता सदूच्या अंगावर धावतंय. तुम्हाला बरंच आहे. मशीनवरची चादर तशीच आहे, आणि खालच्या वाडीतली आणखी एक पोर परवापासून पाय ओढतेय.

देवीसुद्धा उजवं-डावं काहीतरी देते. तुम्ही बोला, साहेब. हिची फिल्म कोण काढणार?