रुहीच्या वाट्याला आलेली बाजू

अवघड बाजू मिळाली की माझ्या अंगात येतं, हे आधीच कबूल करतो. कॉलेजात मी वादविवादाचे अकरा करंडक मिळवले होते. ते मी तीस वर्षांत कोणाला विसरू दिलेलं नाही, अशी नंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, तक्रार आहे आणि ती खरी आहे. त्यामुळे आमच्या रुहीने शाळेतून येऊन दप्तर सोफ्यावर आपटलं आणि "बाबा, मला सगळ्यात वर्स्ट बाजू मिळाली" असं म्हटलं, तेव्हा मला वाईट वाटायच्या ऐवजी गुदगुल्या झाल्या.

रुही अकरावीत आहे. इतिहासाच्या तासाला त्यांना १८५४ सालची अमेरिकन सिनेट वर्गात उभी करायची होती. प्रश्न असा, की पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी चालू द्यायची की नाही, हे तिथे जाऊन राहिलेल्या लोकांनीच मतदानाने ठरवावं का? पुढे सात वर्षांत हा देश स्वतःवरच बंदुका रोखणार होता, त्याआधीचं हे भांडण. चिठ्ठ्या टाकल्या. रुहीला 'हो' म्हणायचं होतं. समोरच्या गटात इमानी होती.

इमानी ही रुहीची चौथीपासूनची मैत्रीण. तिचं कुटुंब काळं, मिसिसिपीहून तिच्या पणजोबांच्या काळात इथे शिकागोला आलेलं. रोज सकाळी मी तिला तिच्या घरून घेतो आणि दोघींना शाळेत सोडतो. आमच्याकडे आली की ती बूट दाराशी काढते, नंदाला काकू म्हणते आणि साबुदाण्याची खिचडी माझ्यापेक्षा जास्त खाते.

"धिस इज ग्रोस," रुही म्हणाली. "मी गुलामगिरीला सपोर्ट कशी करू?"

"करूच नकोस. गुलामगिरीचं नावही काढायचं नाही. तू लोकशाहीबद्दल बोल. लांब वॉशिंग्टनमध्ये बसलेल्यांनी ठरवायचं, की तिथे राहणाऱ्यांनी? एवढंच फिरवून फिरवून विचारत राहा."

तिने जरा विचार केला. "पण इमानीने विचारलं, की मत कोणाला आहे, तर? ज्यांना गुलाम केलंय त्यांना तर व्होटच नाही."

पोरगी हुशार आहे. जिथे दुखतं तिथेच तिने बोट ठेवलं होतं. "विचारेलच ती," मी म्हणालो. "तेव्हा आधी हसायचं. घाई करायची नाही. मग म्हणायचं, अध्यक्षमहोदय, हा प्रश्न फार मोठा आहे, पण आज तो आपल्यापुढे नाही."

नंदा ओट्याशी भेंडी चिरत होती. "कुमार, पुरे. काय शिकवतोयस तिला?"

"डिबेट शिकवतोय. डिबेटमध्ये बाजू असते, स्वतःचं मत नसतं. एवढं तरी तुला कळायला हवं."

चार संध्याकाळी आम्ही तयारी केली. जेवणाच्या टेबलाशी रुही उभी आणि मी समोर. थांब इथे, आवाज खाली आण, आता माझ्या डोळ्यांत बघ. एवढा खूश मी कितीतरी वर्षांत झालो नव्हतो. ऑफिसात माझ्या वक्तृत्वाची कोणाला गरज नाही. इंग्रजीत माझी जीभ अजून अडखळते. आणि तेराव्या वर्षापासून ही मुलगी माझ्याशी 'फाइन' आणि 'ओके' यापलीकडे फारशी बोललेली नव्हती. त्या चार संध्याकाळी ती मला मी होतो तसा बघत होती, निदान मला तसं वाटलं.

शुक्रवारी तिचा मेसेज आला, जिंकलो. एकवीस विरुद्ध सहा. मी शनिवारी महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात भेटेल त्याला ते सांगितलं.

सोमवारी इमानीच्या आईने कळवलं, की यापुढे तीच इमानीला शाळेत सोडेल. मला वाटलं, त्यांच्या ड्युटीच्या वेळा बदलल्या असतील. मंगळवारी रुही गाडीत कानात हेडफोन घालून खिडकीबाहेर बघत बसली. बुधवारी मी गाडी कडेला घेतली आणि विचारलं.

"तिने तेच विचारलं, बाबा. व्होट कोण करणार? मी हसले. मग तू सांगितलेलं म्हटलं. सगळा वर्ग हसला. शी जस्ट सॅट डाउन. तिची अजून दोन मिनिटं उरली होती. ती बोललीच नाही."

"अगं, पण ते रोल-प्ले होतं! तुझं मत काय आहे ते तिला माहीत नाही का? थांब, मी तिच्या आईशी बोलतो. नीट समजावून सांगतो."

"नो!" ती इतक्या जोरात ओरडली की मी दचकलो. "प्लीज, तू नको बोलूस."

हे मी घरी येऊन नंदाला सांगितलं, थोडा चिडूनच. एवढ्याशा गोष्टीवरून सात वर्षांची मैत्री तोडायची म्हणजे काय? नंदाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "संजय आठवतो?"

नंदा आमच्याच कॉलेजची, एक वर्ष मागे. संजय माझा हॉस्टेलमधला रूम पार्टनर. परभणीकडचा, राखीव जागेवर इंजिनिअरिंगला आलेला, त्याच्या घरातला कॉलेज बघणारा पहिला. दुसऱ्या वर्षी स्पर्धेला विषय होता, राखीव जागा गुणवत्तेला मारक आहेत. मला बाजूने बोलायचं होतं. मी खोलीत चार वेळा भाषण म्हणून दाखवलं आणि चारही वेळा संजय घड्याळ लावून समोर बसला. शेवटच्या वाक्याआधी जरा थांब, असंही त्यानेच सुचवलं. मी थांबलो आणि सभागृहाने मला डोक्यावर घेतलं. त्याने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. पुढच्या टर्मला त्याने खोली बदलून घेतली. कारण मी विचारलं नाही.

"तो विषय मी निवडला नव्हता," मी नंदाला म्हणालो.

"नव्हताच निवडलास," ती म्हणाली आणि कपडे वाळवायला मशीनकडे गेली.

मला राग आला तिचा. मग राग ओसरला आणि जे उरलं त्याने मला दोन दिवस झोप लागू दिली नाही. शनिवारी मी बसून रुहीसाठी एक पानभर माफी लिहिली. सुरुवात चांगली साधली होती, तीन मुद्दे होते, शेवटही उत्तम होता.

रविवारी दुपारी रुही स्वतःच म्हणाली, "मला इमानीकडे सोडशील?" बर्फ पडत होता. त्यांच्या घरासमोर गाडी थांबवून मी तिच्या हातात कागद दिला. तिने पहिल्या दोन ओळी वाचल्या, घडी घातली आणि परत माझ्या हातात ठेवला. "नको, बाबा." आवाजात राग नव्हता.

मी गाडीतच बसून राहिलो. दार इमानीनेच उघडलं. तिने रुहीला आत घेतलं नाही; दोघी उंबऱ्यावरच बोलत होत्या, एक जाड कोटात आणि एक नुसत्या मोज्यांवर. मला काही ऐकू येत नव्हतं. माझ्या मुलीचे हात मात्र दिसत होते. मी शिकवलं होतं तसे ते हलत नव्हते, दोन्ही कोटाच्या खिशात होते. मग दार बंद झालं आणि रुही बर्फातून हळूहळू चालत आली.

"काय म्हणाली?"

तिने सीटबेल्ट लावला. "मला विचारलं, तुला खरंच काय वाटतं. मी सांगितलं, ते बिल इव्हिल होतं. मग म्हणाली, हे तुला त्या दिवशीही माहीत होतं ना? मग तसं का केलंस?"

"अगं, सांगायचं ना, की चिठ्ठीत आलं म्हणून…"

"हसायचं चिठ्ठीत नव्हतं, बाबा."

वायपर काचेवरून दोनदा फिरले. "मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"जे खरं होतं ते." ती समोर बघत होती. "आय टोल्ड हर, माय डॅड वॉज सो हॅपी."

मला भयंकर लाज वाटली. मी तो माफीचा कागद खिशात कोंबला.

"आणि त्यावर ती?"

"काहीच नाही. तिने दार लावलं."