एकाच्या बदल्यात दोन

राल्फ डॉन्किनला धरलं ते शुक्रवारी, भर दुपारी, शील्ड्स बंदराच्या धक्क्यावर. नव्या दोरखंडाचं वेटोळं खांद्यावर टाकून तो घराकडे निघाला होता. आरमारासाठी जबरदस्तीने माणसं धरणाऱ्या भरतीच्या टोळीतले सहाजण गुत्त्यातून बाहेर आले, दोघांनी मागून दंड धरले, आणि दोरखंड तिथंच चिखलात पडला. शेजारची एलिनॉर मासे विकून तिथंच टोपली धूत होती. तिने तो दोरखंड उचलला आणि दोन मैल चालत गावी, कलरकोट्सला, घेऊन आली.

हेस्टर दारात बसून गळांना शिंपल्यांचं मांस लावत होती. एलिनॉरने दोरखंड तिच्यापुढे ठेवला.

"राल्फ कुठंय?" हेस्टरने विचारलं.

"नेला त्याला," एलिनॉर म्हणाली. "एक अक्षर बोलू दिलं नाही गं त्याला."

फ्रान्सशी लढाई पुन्हा जुंपून पंधरा दिवस झाले होते. आरमाराला माणसं हवी होती, आणि समुद्रावर हात चालणारा जो दिसेल तो त्यांना चालत होता. पण होडीवाल्या कोळ्यांना सूट असे. तसा शिक्क्याचा कागद राल्फकडे होता. तो पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवलेला होता. हेस्टरने हात धुतले, दोन्ही मुलींना एलिनॉरच्या घरी बसवलं आणि कागद पोटाशी धरून शील्ड्सची वाट धरली.

भरतीचा लेफ्टनंट वरच्या माडीवर बसत असे. पंचविशीतला असेल. दाढ दुखत असावी, कारण एका गालाला तो फडकं लावून बसला होता. त्याने कागद उजेडात धरला आणि परत तिच्यापुढे सरकवला.

"हा मागच्या लढाईतला आहे, बाई. मध्ये तह झाला, तेव्हाच हा रद्द झाला. नवा काढायला हवा होता."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही, साहेब."

"सांगत कुणीच नाही."

त्याचा आवाज कठोर नव्हता, नुसता थकलेला होता. हेस्टर हलली नाही. तेव्हा तो म्हणाला, "एक वाट आहे. त्याच्या बदल्यात दोन माणसं आण. खलाशीच हवेत, शेतावरचे गडी नकोत. धडधाकट हवेत, आणि आपल्या पायांनी आलेले हवेत. गलबत सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी सुटेल. तोवर आणलेस तर नवरा घेऊन जा."

"दोन?"

"एकाच्या बदल्यात दोन. नियम मी केलेला नाही."

धरलेल्या माणसांचं गलबत नदीच्या मधोमध नांगरलेलं होतं. एक म्हातारा नावाडी बायकांना त्याच्या जवळपास फिरवून आणत असे. पहारेकरी जवळ येऊ देत नसत, पण हाक पोचे. संध्याकाळी तासभर माणसांना वर हवेवर आणलं, तेव्हा हेस्टरला राल्फ दिसला. त्याची भुवई फुटली होती. आतल्या सगळ्यांनाच तो नियम पाठ झाला होता. नावेत ती दिसताच ती काय करायला निघाली आहे हे त्याने ओळखलं.

"हेस्टर," तो ओरडला, "माझ्या जागी कुणाला आणू नकोस. ऐकलंस?"

तिने ऐकलं होतं. वारा तिच्याच बाजूला होता. तिने हात वर केला, पण मान हलवली नाही.

*

पहिला माणूस सोपा निघाला. जोसाया ब्रंटन पन्नाशीला टेकलेला होता, वीस वर्षं उत्तरेच्या बर्फात देवमाशांच्या शिकारीला गेलेला. मागच्या हिवाळ्यात त्याची बायको गेली आणि तेव्हापासून तो चुलीपाशी बसून असे. चूल पेटलेली असो की विझलेली. हेस्टर आत गेली आणि उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे मी जायचं," जोसाया म्हणाला.

"मी नुसतं विचारतेय. नाही म्हणालात तरी वाईट वाटून घेणार नाही."

"वाटून घेशील. घ्यायलाच हवं." त्याने काटकीने चुलीतली राख ढोसली. "तिथं खायला मिळतं. चार माणसांचा आवाज असतो. इथं कधीकधी दोन-दोन दिवस माझाच आवाज माझ्या कानावर येत नाही." मग त्याने पायाशी झोपलेल्या मांजरीकडे बोट दाखवलं. "हिला मात्र तू ने. माशांची डोकी घाल, शेपट्या घालू नकोस. शेपट्या तिला चालत नाहीत."

दुसरा माणूस मिळेना. हेस्टरने शनिवार, रविवार, सोमवार दारं ठोठावली. आधी ओळखीची, मग लांबची. पुरुष घरात असूनही दिसत नसत. कोण खडकांतल्या कपारीत झोपे, कोण माळ्यावर. बायका दारातच उभ्या राहत. कुणी पाणी विचारलं, कुणी तेही नाही. ती जे बोलायची ते हळूहळू बदलत गेलं. पहिल्या दारात ती रडली होती. पाचव्या दारात ती सांगत होती की आरमारात आता पूर्वीसारखे हाल नाहीत, मांस मिळतं, लढाई वर्षभरात आटपेल. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एलिनॉरचा दीर हल बंदरातून नुकताच परतला होता. बुधवारी हेस्टर त्याच्यासाठी एलिनॉरकडे गेली. दोघी लहानपणापासून एका पाण्यात उभं राहून आमिष गोळा करणाऱ्या. एलिनॉरने दार अर्धवट लोटून घेतलं.

"मुली हव्या तितके दिवस ठेव माझ्याकडे," ती म्हणाली. "माझ्या ताटातलं घालीन. पण ह्या कामाला माझ्या उंबऱ्यावर येऊ नकोस."

"माझा नवरा आहे तो, एलिनॉर."

"आणि हा माझ्या नवऱ्याचा भाऊ. ते सहाजण दंडुका घेऊन येतात, तू पदर घेऊन येतेस. आमच्या घरातलं माणूस जायचं ते जाणारच ना?"

हेस्टर तशीच परत फिरली. पण गुरुवारी ती पुन्हा उठली आणि या वेळी कुठलं दार ठोठावायचं हे तिला ठाऊक होतं. खरं म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

कथबर्ट लाइल वाळूत होडी पालथी घालून तिला डांबर लावत होता. तो बत्तीस वर्षांचा, बिनलग्नाचा, आणि पायाने अधू असलेल्या ॲलिसन या बहिणीबरोबर राहायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याने हेस्टरला मागणी घातली होती. तिने राल्फला होकार दिला. त्यानंतर कथबर्टने ना कधी तो विषय काढला, ना दुसरी मुलगी पाहिली. रस्त्यात भेटला की टोपी काढायचा, मुलींची चौकशी करायचा आणि पुढे जायचा.

हेस्टर होडीच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली. तिने हवापाण्याचं काढलं. मग ॲलिसनच्या पायाचं. मग डांबर महाग झाल्याचं.

"जोसाया तयार झाला म्हणे," कथबर्ट कुंचला न थांबवता म्हणाला.

"हो."

"आणि दुसरा?"

"दुसरा मिळत नाही."

"मग विचार ना. इतकी सगळी दारं हिंडलीस, इथं येऊन डांबराचा भाव काढतेस."

हेस्टरने ओठ आवळले. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं. आलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. "कथबर्ट, राल्फच्या जागी जाशील?"

त्याने कुंचला डब्यात ठेवला. हात पाटलोणीला पुसले, तरी डांबर तसंच राहिलं.

"मी कशासाठी जाईन ते ठाऊक आहे तुला?"

"ठाऊक आहे."

"ठाऊक असूनही विचारलंस."

"ठाऊक आहे म्हणूनच विचारलं," हेस्टर म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याने डबा होडीच्या सावलीत सरकवला. "नऊ वर्षांत तू माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलंस," तो शेवटी म्हणाला. "ॲलिसनला काही सांगू नकोस. मी आपल्या मनाने गेलो असं मीच सांगेन तिला. ती तुझं तोंड पाहणार नाही नाहीतर."

*

शनिवारी तिघं शील्ड्सला चालत गेले. जोसाया पुढे, बोचकं काखेत मारून, बऱ्याच दिवसांनी मान ताठ. कथबर्ट आणि हेस्टर मागे, मधे एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून.

लेफ्टनंटने दोघांचे तळहात पाहिले, दोरीची एक गाठ मारून दाखवायला सांगितली, छातीवर टकटक केली. जोसायाचं वय त्याला पटेना, पण वीस वेळा बर्फात जाऊन आलेला माणूस हातचा सोडणंही त्याला जड गेलं. दोघांची नावं लिहिली. जोसायाने फुली मारली. कथबर्टला सही करता येत होती. त्याने ती सावकाश, पूर्ण केली.

राल्फला होडीतून धक्क्यावर आणलं आणि त्याच होडीत हे दोघं चढायचे होते. पायऱ्यांवर राल्फ आणि कथबर्ट समोरासमोर आले. पायऱ्या शेवाळाने निसरड्या होत्या, आणि राल्फचे पाय आठ दिवस अंधारात बसून लटपटत होते. कथबर्टने त्याला दंडाला धरून वर घेतलं.

"माझी होडी वापर," कथबर्ट म्हणाला. "पडून राहिली तर तडकेल. मासळीतलं अर्धं ॲलिसनला दे."

राल्फने त्याच्याकडे पाहिलं, मग वर उभ्या असलेल्या हेस्टरकडे. त्याला सगळं कळलं. "मी तिला नको म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला.

"ते तुमचं तुम्ही बघा," कथबर्ट म्हणाला आणि खाली उतरला.

घरी जाताना दोन मैलांत राल्फ एक शब्द बोलला नाही. मुली धावत येऊन बिलगल्या तेव्हा त्याने दोघींना उचललं, आणि मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ तसाच उभा राहिला. हेस्टरने कालवण पुढे ठेवलं. तो जेवला. आपण दोघं भांडलो असतो तर बरं झालं असतं, असं तिला पुढे अनेकदा वाटलं. राल्फ भांडला नाही. रोज पहाटे कथबर्टची होडी ढकलायचा आणि दुपारी अर्धी मासळी ॲलिसनच्या दारात ठेवायचा. वादळ असलं तरी तो जायचा. इतर होड्या वाळूत असतानाही जायचा. हेस्टरने एकदा अडवलं, तर तो म्हणाला, "दोन माणसांच्या वाटचं काम करायचंय मला."

*

दोन वर्षांनी, मार्च महिन्यात, पाद्रीबाबांकडे पत्र आलं. जहाजावरच्या कारकुनाने लिहिलेलं होतं. कथबर्ट लाइल जमैकाच्या बंदरात पिवळ्या तापाने वारला. चार दिवसांचा आजार. शेवटपर्यंत जोसाया ब्रंटनने त्याची शुश्रूषा केली. तोफेचा गोळा नाही, लढाई नाही. फ्रेंच माणूस त्याने बहुधा पाहिलाही नव्हता.

हेस्टर त्याच संध्याकाळी ॲलिसनकडे गेली. ॲलिसन खिडकीपाशी बसली होती, अधू पाय स्टुलावर ठेवून. रडून झालेलं दिसत होतं.

"ये," ती म्हणाली. "राल्फ येऊन गेला. काही न बोलता बसला आणि गेला. चांगला माणूस आहे."

"ॲलिसन, कथबर्ट आपल्या मनाने गेला नव्हता. मी त्याला जायला सांगितलं."

ॲलिसनने मान वळवली. हेस्टरने काहीच वगळलं नाही. पालथी होडी, डांबर, त्याने काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं. बोलून झाल्यावर तिने मान खाली घातली आणि वाट पाहत राहिली. शिव्या आल्या असत्या, तरी तिने घेतल्या असत्या.

"ठाऊक आहे म्हणूनच विचारलं, असं म्हणालीस तू त्याला?" ॲलिसनने विचारलं.

"हो."

"मग त्याचा चेहरा कसा झाला?"

हेस्टरला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. तिने आठवून पाहिलं. "मोकळा झाला," ती म्हणाली. "पोटात दडवलेलं कुणीतरी बाहेर काढून ठेवावं तसा."

ॲलिसनने डोळे मिटले. "माझ्याशी नऊ वर्षं ह्यावर बोलला नाही तो. मी विचारायची, तो उठून जायचा." मग ती म्हणाली, "तुला क्षमा वगैरे माझ्याकडून होणार नाही. पण ये. त्याच्याबद्दल बोलायला मला दुसरं कोण आहे?"

तेव्हापासून हेस्टर दर रविवारी जायची. काही रविवारी दोघी बोलायच्या. काही रविवारी ॲलिसन दार उघडायची नाही, आणि हेस्टर थोडा वेळ पायरीवर बसून परत यायची.

त्याच उन्हाळ्यात टोळी पुन्हा किनाऱ्यावर उतरली आणि चार माणसं घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी एक तरुण बाई हेस्टरच्या दारात आली. सुझाना तिचं नाव. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. राल्फ कोपऱ्यात जाळं शिवत होता.

"तुम्ही तुमच्या माणसाला सोडवून आणलंत म्हणे," सुझाना म्हणाली. "दोन माणसं कशी मिळवायची ते मला सांगा. काय बोलायचं, कुणाकडे जायचं, काहीही सांगा."

ह्या पोरीला नाही म्हणणं म्हणजे आपण केलं ते तिने करू नये असं सांगणं, आणि सांगणारी स्वतः नवऱ्याच्या शेजारी जेवते, झोपते. हो म्हणणं त्याहून कठीण. तिने सुझानाला आत घेतलं, स्टूल पुढे केलं.

"बस," ती म्हणाली. "कसं ते सांगते. पण शेवटपर्यंत ऐकायचं, मधे उठायचं नाही."

आणि तिने जोसायाच्या चुलीपासून जमैकाच्या पत्रापर्यंत, एलिनॉरच्या दारासकट सगळं सांगितलं. सुझाना मांडीवर मुठी आवळून ऐकत राहिली. बोलणं संपलं तेव्हा घरात नुसता जाळ्याच्या सुईचा आवाज होता. मग तोही थांबला.

"एक राहिलं," राल्फ म्हणाला. दोन वर्षांत ह्या गोष्टीबद्दल तो पहिल्यांदा बोलत होता. त्याने मान वर केली नाही. "मी घरी आलो, हेही सांग तिला. मुली मोठ्या होताना मी पाहिल्या. तेही खरंच आहे."

हेस्टरने त्याच्याकडे पाहिलं. "हो, तेही," ती सुझानाला म्हणाली.

सुझाना उठली, आभार मानले आणि बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी गावात कळलं की ती त्या संध्याकाळी चार दारांवर गेली होती.